उभा उमेदवार, बसलेला प्रचार

निवडणुकीच्या राजकारणासाठी मराठी माणसाने दोन साधी क्रियापदे पक्की केली आहेत. उमेदवार 'उभा राहतो' आणि उमेदवार 'बसतो'. उभा राहिला म्हणजे रिंगणात उतरला. बसला म्हणजे अर्ज मागे घेतला, किंवा लोकांच्या संशयी बोलीत सांगावयाचे तर त्याला कोणीतरी बसविले. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते आणि तिला आपल्या भाषेत नाव नाही. अर्ज मागे घेतलेला नसतो, यादीत नाव कायम असते, चिन्हही असते. मात्र सभा कमी होतात, भाड्याच्या गाड्या परत जातात, प्रचार-कचेरीला दुपारीच कुलूप लागते. उमेदवार सांगतो, आणि पुष्कळदा सांगतही नाही, की आपण आता प्रचार आवरता घेत आहोत. उमेदवार उभा, पण प्रचार बसलेला. अशा वेळी ज्यांनी त्याच्यासाठी पायपीट केली त्यांनी काय समजावयाचे आणि काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

तो मोठा अशासाठी की, जिंकणाऱ्या उमेदवाराच्या कार्यकर्त्याला श्रमाचे मोल विजयातच मिळून जाते. हरणाऱ्या उमेदवाराच्या कार्यकर्त्याला ते अन्य कोठूनही मिळत नाही. त्याने रजा काढलेली असते, पदरमोड केलेली असते, गावातील बलवान गटाचे वैर पत्करलेले असते. त्याची सारी मिळकत म्हणजे आपण एका योग्य गोष्टीसाठी उभे होतो हे समाधान. प्रचार आवरता घेण्याचा निर्णय या समाधानालाच हात घालतो. राष्ट्रपतिपदाची पुढील निवडणूक २०२७ च्या मध्यास व्हावयाची आहे. आजवरचा अनुभव पाहता तेव्हाही पराभव गृहीत धरून कोणीतरी उभा राहील आणि 'हा मनुष्य कशासाठी हिंडतो आहे?' असे त्याच्याच गोटातून विचारले जाईल. म्हणून या प्रश्नाचा विचार निवडणुकीचा धुरळा नसताना करणे श्रेयस्कर.

एक पत्र आणि दोन पक्ष

या पेचाचे सर्वांत उघड उदाहरण अमेरिकेत २००८ साली घडले. टेक्सासचे लोकप्रतिनिधी आणि व्यवसायाने डॉक्टर असलेले रॉन पॉल हे रिपब्लिकन पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. इराकमधील युद्धाला, सरकारच्या वाढत्या खर्चाला आणि मध्यवर्ती बँकेच्या अधिकारांना त्यांचा विरोध होता. युद्धाचे समर्थन करणाऱ्या स्वतःच्या पक्षात ते जवळजवळ एकाकी होते. पक्षाच्या धुरीणांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. सामान्य माणसांनी मात्र घेतले. १६ डिसेंबर २००७ या एका दिवसात त्यांच्या निधीत साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आणि ती प्रामुख्याने लहान लहान देणग्यांची होती. तथापि वर्गणी देणारे हात आणि मत देणारे हात यांची संख्या सारखी नसते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी अनेक राज्यांत एकाच दिवशी पक्षांतर्गत मतदान झाले आणि पॉल फार मागे असल्याचे स्पष्ट झाले. दोन दिवसांनी मिट रॉम्नी स्पर्धेबाहेर पडले व जॉन मॅकेन यांचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर लगेच पॉल यांनी अनुयायांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, पक्षाच्या अधिवेशनात निर्णय अधांतरी राहण्याची शक्यता आता जवळपास संपली आहे. राष्ट्रीय प्रचाराचा कर्मचारीवर्ग आपण कमी करीत आहोत. आपल्या स्वतःच्या मतदारसंघातही पक्षांतर्गत आव्हान उभे आहे, तेथे लक्ष द्यावे लागेल. पक्ष सोडून तिसरी आघाडी उभारणार नाही. पण लढाई सोडलेलीही नाही.

या पत्राने अनुयायांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, आम्ही पैसे राष्ट्राच्या अध्यक्षपदासाठी दिले होते, एका मतदारसंघातील जागा राखण्यासाठी नव्हे. ज्या राज्यांत मतदान अद्याप व्हावयाचे आहे तेथील कार्यकर्त्यांनी आता कोणत्या तोंडाने दारोदार जावे? सेनापतीच मागे वळला तर शिपायाने पुढे का पाहावे? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, उमेदवारी हे साधन होते, साध्य नव्हे. विचार टिकावयाचा असेल तर तो मांडणारा मनुष्य संसदेत टिकला पाहिजे. हरलेल्या आघाडीवर उरलेली शिबंदी खर्ची घालणे हे शौर्य नसून उधळपट्टी आहे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, म्हणूनच वाद खरा होता. पुढे काय झाले हे नमूद आहे. ४ मार्च २००८ रोजी पॉल यांनी आपली जागा मोठ्या मताधिक्याने राखली. १२ जून रोजी त्यांनी अध्यक्षपदाचा प्रचार अधिकृतपणे संपविला आणि त्याच बळावर एक कायमची संघटना उभी केली. २०१२ साली ते पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांना पूर्वीपेक्षा अधिक मते मिळाली. उमेदवारी मात्र तेव्हाही मिळाली नाही.

पन्हाळ्याची कसोटी

पन्हाळ्यावर वावरणाऱ्या माणसाला हा वाद परका वाटत नाही. दरवर्षी जुलैच्या पावसात शेकडो विद्यार्थी येथून पावनखिंडीकडे चालत निघतात. ते ज्या घटनेचे स्मरण करतात ती घटना म्हणजे वस्तुतः एक माघार होती. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने चालला होता. गड लढविता आला असता, पण राजा गडावर अडकून पडला तर राज्य अडकून पडते, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. १२ जुलैच्या रात्री ते गडाबाहेर पडले. पालखीत बसून शत्रूला चकविणारा शिवा काशीद मारला गेला; घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे सहकारी पडले; आणि पुढे सप्टेंबरात खुद्द पन्हाळाही शत्रूच्या स्वाधीन करावा लागला. तो परत मिळविण्यास १६७३ साल उजाडले. केवळ आकडेमोड केली तर हा पराभव म्हणावा लागेल. महाराष्ट्राने त्याला पराभव म्हटले नाही, उलट त्या खिंडीला 'पावन' म्हटले. असे का झाले?

याचे एक कारण पराक्रम हे आहेच. पण दुसरे कारण असे की, त्या रात्री मागे राहणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या. कोठे जावयाचे आहे, हे ठाऊक होते: विशाळगड. खिंड कोठवर धरावयाची आहे, हे ठाऊक होते: राजा गडावर पोचेपर्यंत. आणि आपले काम संपल्याची खूण काय, हेही ठाऊक होते: परंपरा सांगते त्याप्रमाणे तोफांचे आवाज. ज्याला या तिन्ही गोष्टी ठाऊक असतात तो मागे राहूनही फसविला गेलेला नसतो. ज्याला त्या सांगितल्याच जात नाहीत तो विजयी फौजेत असला तरी वापरला गेलेला असतो. माघार आणि पलायन यांतील भेद अंतरात नसतो. तो मागे राहणाऱ्याला काय सांगितले यात असतो.

निवडणूक हे युद्ध नव्हे आणि कोणत्याही उमेदवाराची शिवाजी महाराजांशी तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु प्रचार आवरता घेणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारता येतात: उरलेली शक्ती कोठे नेता? आम्ही कोठवर थांबावयाचे? पुढील खूण कोणती?

या कसोटीवर पॉल यांचे २००८ चे पत्र बव्हंशी उतरते. कोठे हे त्यांनी सांगितले, कधीपर्यंत हे मतदानाच्या तारखेनेच ठरले होते, आणि पुढे काय हे चार महिन्यांत कळले. २०१२ चा निर्णय मात्र तितका निर्दोष नव्हता. १४ मे रोजी त्यांनी जाहीर केले की, ज्या राज्यांत मतदान उरले आहे तेथे यापुढे पैसा खर्च केला जाणार नाही. लक्ष राज्य अधिवेशनांतून प्रतिनिधी मिळविण्यावर राहील. हिशेब म्हणून हे बरोबर होते. पण उरलेल्या राज्यांत २९ मे रोजी मतदान करणारे त्यांचे स्वतःचे टेक्सास होते आणि ५ जूनचे कॅलिफोर्नियाही होते. तेथील अनुयायांनी या निर्णयाचा अर्थ 'तुमच्या मताची आता गरज नाही' असा घेतला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. याउलट बर्नी सँडर्स यांनी ८ एप्रिल २०२० रोजी प्रचार थांबविताना, आपले नाव उरलेल्या राज्यांच्या मतपत्रिकांवर राहील आणि मिळणाऱ्या प्रतिनिधींच्या बळावर पक्षाच्या कार्यक्रमावर प्रभाव टाकता येईल, असे सांगितले. प्रचार संपला, पण मताचे काम संपले नाही, हे अनुयायाला कळले.

तिसऱ्या क्रमांकाचे मोल

आपल्याकडील राष्ट्रपती-निवडणुकीत थेट जनतेचे मत नाही. खासदार व आमदार मत देतात. तरीही या विषयातील एक मोठा धडा तेथेच सापडतो आणि तो एका मराठी माणसाशी निगडित आहे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९६९ मध्ये जी निवडणूक झाली ती नीलम संजीव रेड्डी आणि वराहगिरी व्यंकट गिरी यांच्यातील लढत म्हणून स्मरणात आहे. तिसरे प्रमुख उमेदवार चिंतामणराव देशमुख होते: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडणारे. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पुढे केले होते. ते निवडून येणार नाहीत हे उघड होते. मग त्यांनी उभे तरी का राहावे?

याचे उत्तर मतमोजणीने दिले. पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ असे होते. कोणासही निर्णायक बहुमत नव्हते. पुढील पसंतीची मते मोजली गेली तेव्हा रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले, तर गिरी ४,२०,०७७ वर पोचून विजयी झाले. म्हणजे सुमारे ८८,००० चे अंतर १५,००० च्या आत आले, आणि ते मुख्यतः देशमुखांच्या मतदारांनी दिलेल्या दुसऱ्या पसंतीमुळे. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र व जनसंघ या पक्षांच्या नेत्यांशी याच दुसऱ्या पसंतीसाठी बोलणी केली होती. त्यावरून काँग्रेसमध्ये जो वणवा पेटला त्यातून सदसद्विवेकाचे मत ही घोषणा आली आणि वर्षअखेरीपर्यंत पक्ष दुभंगला. ज्या उमेदवाराचा पराभव निश्चित होता त्याच्या मतांनी मोजणीच्या शेवटच्या फेरीपर्यंत दिल्लीचा श्वास रोखून धरला.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या पद्धतीत मतदार दुसरी पसंती देऊ शकतो त्या पद्धतीत दुबळ्या उमेदवाराला 'मते फोडू नका, बसा' असे सांगण्याचा नैतिक आधारच उरत नाही. त्याचे मत वाया जात नाही, पुढे सरकते. आपल्या लोकसभा-विधानसभेच्या पद्धतीत मात्र ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून येतो आणि बाकी सारी मते तेथेच संपतात. म्हणून प्रचार आवरण्याचा दबाव पुष्कळदा उमेदवाराच्या भीतीतून नव्हे, तर निवडणूक-पद्धतीतूनच निर्माण होतो.

२०२२ च्या राष्ट्रपती-निवडणुकीने या प्रश्नाची उलटी बाजू दाखविली. विरोधी पक्षांच्या वतीने शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी यांनी नकार दिल्यावर यशवंत सिन्हा उभे राहिले. समोर द्रौपदी मुर्मू यांचे नाव आले आणि सिन्हांना पुढे करणाऱ्या पक्षांचाच सूर बदलला. आदिवासी समाजातील महिलेला विरोध कसा करावयाचा, हा पेच खरा होता. ममता बॅनर्जी यांनी हे नाव आधी कळले असते तर सहमती होऊ शकली असती असे म्हटले. झारखंड मुक्ति मोर्चाने आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने मुर्मू यांना पाठिंबा दिला. सिन्हा राज्याराज्यांतून हिंडत राहिले. २१ जुलै रोजी निकाल लागला तेव्हा मुर्मू यांच्याकडे ६४ टक्क्यांहून अधिक आणि सिन्हांकडे जवळपास ३६ टक्के मतमूल्य होते. उमेदवाराने अनुयायांना सोडल्याची तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे काही पाठीराख्यांनीच उमेदवाराला सोडले. प्रामाणिकपणाची जबाबदारी केवळ उमेदवारावर नसते, हे या निवडणुकीने शिकविले.

आपल्या दाराशी

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. न वाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांकडे येथे भक्कम दाखला आहे. २००९ साली सदाशिवराव मंडलिक यांना पक्षाने उमेदवारी नाकारली. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते अपक्ष उभे राहिले आणि कोल्हापुरातून निवडून आले. त्याच वर्षी शेजारच्या हातकणंगल्यातून राजू शेट्टी लोकसभेवर गेले, ते ऊस-उत्पादकांकडून मताबरोबर नोटही मागून. या दोघांनी जाणत्यांचा हिशेब ऐकून प्रचार आवरला असता तर इतिहास निराळा झाला असता.

परंतु याच हातकणंगल्यात, ज्यात पन्हाळाही मोडतो, २०२४ साली प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. महाविकास आघाडीशी शेट्टी यांची बोलणी झाली. 'मशाल' चिन्हावर लढण्याची सूचना त्यांनी नाकारली आणि ते स्वतंत्रपणे उभे राहिले. धैर्यशील माने हे सत्यजित पाटील-सरूडकर यांच्यापेक्षा अवघ्या १३,४२६ मतांनी निवडून आले. शेट्टी यांना पावणेदोन लाखांहून अधिक मते पडली. निकालानंतर चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच गणित मांडले गेले: हे बसले असते तर? हे गणित दिसते तितके सोपे नाही. ही मते दुसऱ्या कोणाकडे, आणि किती प्रमाणात गेली असती, हे कोणीही सांगू शकत नाही. कारण आपल्या पद्धतीत दुसरी पसंती विचारलीच जात नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या खिशात असल्याचा दावा कोणी करू नये. ज्या शेतकऱ्याने मताबरोबर नोट दिली त्याला आपल्या माणसाच्या नावापुढचे बटण दाबावयास मिळाले, याला काही मोल आहे.

त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी कोल्हापूर उत्तरमध्ये याच्या नेमके विरुद्ध घडले. काँग्रेसने प्रथम राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. लाटकर अपक्ष उभे राहिले. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, मुदत संपता संपता मधुरिमाराजे यांनी अर्ज मागे घेतला. त्या मतदारसंघात काँग्रेसला चिन्हच उरले नाही. पक्षाने नंतर लाटकर यांना पाठिंबा दिला. निवडून राजेश क्षीरसागर आले. माघारीमागील कारणे काहीही असोत आणि ती कदाचित सबळही असतील. मुद्दा इतकाच की, निर्णय शेवटच्या घटकेला झाला तेव्हा चर्चा करावयास कार्यकर्त्याला अवकाशच मिळाला नाही. त्याला निर्णय सांगितला गेला नाही. तो त्याच्यावर कोसळला.

रिकामी खुर्ची

शिक्षक व कारकून मंडळींचे हात सेवानियमांनी बांधलेले असतात. ती प्रचार करीत नाहीत. पण निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या या मंडळींनाच बसलेला प्रचार सर्वांत आधी दिसतो. मतदान केंद्रात प्रतिनिधींच्या खुर्च्या असतात. सकाळी चाचणी मतदान होते तेव्हा बलवान पक्षांची माणसे वेळेवर हजर असतात. दुबळ्या उमेदवाराची खुर्ची कधी रिकामी असते, कधी दुपारी रिकामी होते. सायंकाळी झालेल्या मतांची नोंद असलेल्या नमुना १७-सी ची प्रत प्रतिनिधींना दिली जाते. ज्याचा प्रतिनिधीच नाही त्याची प्रत घेणारे कोणी नसते. प्रचाराच्या सभा रद्द केल्या तर उमेदवाराची शोभा कमी होते. ही खुर्ची रिकामी राहिली तर त्याला मत देणाऱ्याचा पहारा उठतो. सभा कमी करणे हा काटकसरीचा प्रश्न असू शकेल. खुर्ची रिकामी ठेवणे हा विश्वासाचा प्रश्न आहे.

यावरून एक व्यवहार्य मर्यादा आखता येईल. पैसा संपला तर गाड्या परत पाठवाव्यात, फलक उतरवावेत, मोठ्या सभा सोडून द्याव्यात; यात लाज नाही. पण तसे करताना उमेदवाराने आपल्या माणसांना बोलावून स्पष्ट सांगावे की, उरलेली माणसे अमुक गावांत लावणार आहोत, मतमोजणीपर्यंत प्रत्येक केंद्रावर आपला मनुष्य बसेल, आणि निकालानंतर अमुक दिवशी आपण पुन्हा भेटू. दुसऱ्या कोणाला पाठिंबा द्यावयाचा असेल तर तोही उघड द्यावा आणि कशाच्या बदल्यात दिला ते सांगावे. जे सांगता येत नाही ते बहुधा करण्यासारखे नसते.

अनुयायांचेही काही कर्तव्य आहे. प्रचार मंदावला की 'मॅनेज झाला' हा शब्द आपल्याकडे फार लवकर ओठावर येतो. तो कधी खरा असतो, पण पुष्कळदा खिसा रिकामा झालेल्या प्रामाणिक माणसालाही तोच शब्द चिकटतो, आणि मग पुढील वेळी प्रामाणिक मनुष्य उभाच राहत नाही. आरोप करण्यापूर्वी प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. उत्तर मिळाले तर थांबावे. न मिळाले तर आपला मार्ग मोकळा आहे. मत हे उमेदवाराला दिलेले दान नसते, ते मतदाराचेच राहते.

लोकशाहीत विजय एकाचाच होतो आणि हरणारे अनेक असतात. म्हणून जिंकण्याची कला जितकी शिकविली जाते त्याहून अधिक, हरताना माणसे कशी सांभाळावीत हे शिकविले गेले पाहिजे. जुलैत पन्हाळ्याहून निघणारी मुले चिखल तुडवीत खिंडीपर्यंत जातात, ती कोण जिंकले हे आठवून नव्हे. गड सोडून जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना अंधारात ठेवले नव्हते, म्हणूनच ती वाट आजही चालावीशी वाटते.